तोंडात पाणी

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. गेल्या वर्षी मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीत त्यानेच घात केला. लेखी परीक्षेत पोरगी पहिल्या पाचांत आलेली. मुलाखतीत एका नटीला रुग्णाची बायको करून समोर बसवलं होतं आणि नवरा गेल्याची बातमी तिला सांगायची होती. रेडिओने बातमी सांगितली, कारणं सांगितली, धीर दिला, पुन्हा कारणं सांगितली. घंटा झाली तेव्हा ती बाई एक शब्दही न बोलता उठून गेली. शेरा आला, "उमेदवार ऐकत नाही."

यंदाची संधी शेवटची. कॉलेज तिसऱ्यांदा कोणालाच बोलवत नसे. पण डॉक्टर व्हायचं म्हणजे व्हायचंच, असं म्हणत रेडिओने कंबर कसली आणि सरावाला आत्याला धरलं. आत्या घरीच पडदे शिवायची. तिने रुग्णाची बायको अशी काही वठवली, की पहिल्याच दिवशी शेजारीण धावत आली.

"अगं, रडू जरा कमी कर," रेडिओ म्हणाली, आणि लगेच धीर द्यायला लागली.

"झालं तुझं सुरू!" आत्याने ओठांत धरायला घेतलेल्या टाचण्या पुन्हा डबीत टाकल्या. "या टाचण्या आहेत म्हणून मी दिवसभर गप्प असते. तुझ्या तोंडात टाचण्या द्यायची माझी छाती नाही बाई. तू पाणी धर. माझं बोलून होईपर्यंत गिळायचं नाही."

पहिली चूळ निळ्या पडद्यावर उडाली, दुसरी खुद्द आत्यावर. रेडिओ हट्टाला पेटली. गाल दुखेपर्यंत रोज तेच.

एका दुपारी तिने दोन वाक्यांत बातमी सांगितली आणि घोट तोंडात घेतला. आत्या आज रडली नाही. शिवणीवरून बोट फिरवत बसली.

"हे गेले तेव्हा डॉक्टरांनी मला जिन्यातच गाठलं," ती म्हणाली. "माणूस वाईट नव्हता गं. पण इतकं बोलला, इतकं बोलला, की मला एकच विचारायचं होतं ते राहूनच गेलं. शेवटी हे काही बोलले का, एवढंच."

रेडिओचे डोळे भरून आले. काकांचा तुझ्यावर किती जीव होता, हे सांगायला जीभ नुसती वळवळत होती. तिने पाणी धरून ठेवलं. आत्या थांबल्यावरही धरून ठेवलं.

बऱ्याच वेळाने आत्याने नाक पुसलं. "गीळ आता. घुसमटशील."

मुलाखतीला यंदा नटी दुसरी होती, बातमी तीच. रेडिओने दोन वाक्यांत सांगितली, खुर्ची जवळ ओढली आणि ओठ मिटले. बाई खाली बघत राहिली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. परीक्षकांनी घसा खाकरला, कागद चाळले. आता बोलले नाही तर जागा हातची गेलीच, असं तिला वाटलं. पण डोळ्यांसमोर जिन्यात उभी असलेली आत्या होती. तिने तोंड उघडलं नाही.

शेवटी बाईने मान वर केली. "डॉक्टर, एक विचारू का?"

रेडिओने तोंडात नसलेलं पाणी गिळलं.

"विचारा," ती म्हणाली.