बिनतेलाचा तवा

भांड्यांच्या त्या मोठ्या दुकानात तिला सगळे अंडेवाली म्हणायचे. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण बसलं ते कायमचं. सकाळी दुकान उघडलं की दाराशीच एक टेबल, त्यावर शेगडी, काळा नॉनस्टिक तवा, अंड्यांचा ट्रे आणि मागे ही उभी. चार माणसं जमली की अंडं फोडायचं, तव्यावर सोडायचं आणि तवा जरा तिरका करायचा. घसरगुंडीवरून पोर उतरावं तसं ते अंडं सर्रकन ताटलीत. "बघा ताई, थेंबभरही तेल नाही." दिवसभर तेच अंडं आणि तेच वाक्य. घरी कुणी अंड्याचं नाव काढलं तरी तिला मळमळायचं.

आता आतली गोष्ट. तेल असायचं. ती तव्यावर ओतायची नाही, तेवढं खरं. पण दोन अंड्यांच्या मध्ये तवा पुसायचं एक फडकं होतं, ते तेलात बुडवून पिळलेलं असायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय स्वच्छ बाई आहे. मॅनेजरनेच शिकवलं होतं तिला, आणि वर म्हणाला होता, "यात खोटं काय आहे? तू तेल टाकतेस का? नाही ना? मग झालं." टेबलावरचा तवा दिवसभर तापून तापून त्याचा वरचा थर केव्हाच उडालेला असे, फडक्याशिवाय अंडं हललंच नसतं. तिला पहिले काही दिवस कसंसंच झालं, मग सवय झाली. पोटासाठी माणूस याहून वाईट बोलतो, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

तिचा नवरा मालाचा टेम्पो चालवायचा. एक दिवस पोटात अशी कळ आली की भररस्त्यात टेम्पो सोडून तो खाली बसला. स्वादुपिंडाला सूज, डॉक्टर म्हणाले. वाचला म्हणा. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं, "आजी, याच्या जेवणात तेल-तूप अजिबात नको. एकदा निभावलं. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." आईला का सांगितलं, तर घरात स्वयंपाक सासूबाईंचा. सून सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची.

सासूबाईंचा हात सढळ. आयुष्यभर तेलाशिवाय भांडं चढवणं त्यांना माहीत नाही. बिनतेलाची भाजी त्यांच्या जुन्या कढईत खालून करपायची आणि वरून कच्ची राहायची. मुलगा दोन घास खाऊन ताट सरकवायचा. अंगातला शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला त्याच्या. "आजारानं नाही मेलो तर उपाशी मरेन मी," असं तो हसत म्हणायचा, आणि सासूबाई पदराने तोंड पुसत आत जायच्या.

शेवटी त्याच म्हणाल्या, "तुझ्या दुकानात येते मी. बिनतेलाचं भांडं घेऊ एखादं, आपल्याला परवडेल असं."

आल्या एका दुपारी, चांगलं लुगडं नेसून. सुनेचं टेबल त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. माणसं जमली होती. अंडं घसरलं, ताटलीत पडलं, सुनेने नेहमीचं वाक्य म्हटलं. सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "माझी सून आहे ती." आवाजात असं काही होतं, की अंडेवालीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लग्न झाल्यापासून या बाईने तिचं कौतुक म्हणून केलं नव्हतं. "दुकानात उभी राहते," एवढंच सांगायच्या नातेवाइकांना.

खरं काय घ्यायला हवं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सिरॅमिकचं भांडं परवडणारं नव्हतं. बिडाचा तवा स्वस्त, पण त्याला आधी तेल पाजावं लागतं. घ्यायला हवं होतं ते जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, घट्ट झाकणाचं. ते मागच्या फळीवर धूळ खात पडलं होतं आणि महागही नव्हतं. भाजी टाकायची, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवून आच बारीक करायची, एवढंच त्याचं शास्त्र. पण ते सांगायचं म्हणजे समोरच्या तव्याबद्दल दोन खरे शब्द बोलावे लागले असते, आणि मॅनेजर हाताच्या अंतरावर उभा होता. सासूबाईंचं बोट तर काळ्या तव्यावरच होतं.

"हाच ना गं?"

"हाच घ्या, आई," ती म्हणाली.

बरं, मॅनेजर दुकानात होता, घरात नव्हता. त्या संध्याकाळी ती सांगू शकली असती. पण घरी पोचली तर सासूबाई शेजारणीला तवा दाखवत होत्या, सून कशी तवा तिरका करून अंडं घसरवते ते हात हलवून सांगत होत्या. नवराही हसत होता. ती पाय धुवून गप्प जेवायला बसली. उद्या सांगू, म्हणाली मनाशी. उद्याचं परवावर गेलं.

स्वस्तातला तवा तो, कितीसा टिकणार? थोडे दिवस बरा चालला. मग मोठी आच आणि तारेची घासणी यांनी त्याचं अंग सोललं आणि सगळं पुन्हा चिकटायला लागलं. सासूबाई सुनेला काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, तवा तोच, म्हणजे खोट आपल्या हातात आहे. एका दुपारी कुणाला न सांगता त्या पुन्हा दुकानात गेल्या, गर्दीच्या मागे उभ्या राहून सुनेचे हात बघत राहिल्या आणि तशाच परत आल्या.

त्यानंतर घरचं जेवण सुधारलं. नवरा ताट चाटूनपुसून खाऊ लागला, गालावर मांस आलं, टेम्पोच्या मालकाला फोन करून "येतो आता लवकरच" म्हणाला. अंडेवालीने झाकून ठेवलेलं जेवताना एकदा विचारलंही, "आई, आता चिकटत नाही?" सासूबाई म्हणाल्या, "जमलं बाई मला." खरं तर भाजीला चव जरा जास्तच होती. तिच्या जिभेला ते कळलं होतं. पण घरात इतक्या दिवसांनी कुणीतरी हसत होतं, आणि तिला ते मोडायचं नव्हतं. तिने पुढे विचारलं नाही.

मग एका सकाळी नवरा मोरीच्या दारात पोट धरून वाकला तो सरळ झालाच नाही. दवाखान्यात नळ्या लावल्या. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काय होतं?" सासूबाईंना ते फार लागलं. "थेंबभरही तेल नाही हो घातलं मी. देवाशपथ."

त्याचे कपडे आणायला दोघी घरी आल्या. अंडेवाली पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर तव्याशेजारी एक वाटी होती, तिच्यात पांढऱ्या धोतराचं फडकं. तिने ते उचललं. बोटांवरून ओघळ मनगटापर्यंत आला. दुकानातलं निदान पिळलेलं असायचं.

"आई, हे काय आहे?"

"ते होय? तव्याचं फडकं. तुझंच बघून शिकले मी." सासूबाई बाहेरच्या खोलीतून बोलत होत्या, सदऱ्याची घडी घालत. "आधी मला कळेचना, हिला जमतं ते मला का जमत नाही. मग बघितलं, तू दर वेळी पुसतेस."

"यात तेल आहे, आई."

"आहे की. पण टाकत नाही मी, पुसते नुसतं. तू एवढ्या लोकांसमोर थेंबभरही नाही म्हणतेस. म्हटलं, पुसलेलं तेल धरत नसतील."

अंडेवालीने फडकं हातातच ठेवलं. तशीच बाहेर आली आणि सगळं सांगून टाकलं: फडकं, मॅनेजर, फळीवरचं पातेलं. "मी खोटं बोलते तिथे, आई. रोज बोलते."

सासूबाईंनी उरलेले कपडे पिशवीत भरले.

"लोकांशी खोटं बोललीस ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पोट आहे प्रत्येकाला. पण मी तुला विचारायला आले होते. मी काय गिऱ्हाईक होते का गं?"

अंडेवालीला शरमेने मेल्यासारखं झालं होतं, आणि त्या शरमेचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता. दोघी एकाच रिक्षातून दवाखान्यात गेल्या, मध्ये पिशवी ठेवून.

नवरा जागा होता. चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. डॉक्टर पुन्हा आले, म्हणाले की रात्र निघाली तर पुढचं बोलू, आणि पुन्हा तेच विचारलं. अंडेवालीने तोंड उघडलं. पण सासूबाई आधी बोलल्या.

"माझ्या हातून तेल जात होतं, डॉक्टर. मला समजलं नाही. हिला यातलं काही माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. नवऱ्याने आईकडे बघितलं. "आई, इतकं सांगून सुद्धा?" एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या बाजूला अंडेवाली उभी होती. त्याने चाचपडत तिचा हात धरला. आता बोल, असं ती स्वतःला म्हणाली. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून पिशवीतली चादर काढत होत्या, वर बघत नव्हत्या.

त्याने हात घट्ट धरला होता. तिने तो धरू दिला.