ताईंच्या खुर्चीखाली

समोरच्या बाकावरच्या मुलीची लाल रिबीन वेणीतून सुटत आली होती... एका बाजूनं लोंबत, पंख्याच्या वाऱ्यानं हलत — आणि यशोधराला एकदम फांदी आठवली. गल्लीतल्या गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये खोचलेली बाभळीची फांदी, तिच्या शेंड्याला बांधलेली लाल चिंधी. ती परत कुणी लावली का?

"पोरी, ती फांदी कुनी काढाया लागलं तर काढू दिऊ नको," तिच्या लेकाच्या, सम्राटच्या तळव्यांना तेल चोळता चोळता शेजारची म्हातारी भागूबाई म्हणाली होती. "मोतीबिंदूनं समदं पांढरं झालंय. मला त्येवढं लालच दिसतंय." आणि यशोधरा हसली होती. आजी, तुमची काटेरी फांदी कोण पळवून नेतंय?

मांडीवर सम्राट तापानं फणफणलेला. दवाखान्यात गर्दी, नंबर अजून लांब. खिडकीबाहेर ऊन उतरलेलं, भिंतींवर पिवळट उरलेलं... भागूबाई या वेळी लेकीच्या घरून निघते. दिवेलागणीला गल्लीत शिरते. नाही, लावली असेल कुणीतरी. इतकी माणसं होती. — पण इतकी माणसं होती म्हणूनच तर...

दिवाळीच्या आधी पाण्याच्या टँकरखाली झाकण फुटलं, तेव्हापासून ते भोक तसंच. तिचा नवरा कल्याण कामावरच्या पाळीच्या आधी दोनदा नगरपालिकेत जाऊन आला, त्याच्या त्या फेऱ्यांवर तिनं आशा ठेवली, मग सोडली. आणि मग निवडणूक आली. नगराध्यक्षपद या वेळी बाईसाठी राखीव. वॉर्डातून विजयमालाताई उभ्या, निवडून आल्या तर नगराध्यक्ष त्याच होणार असं जो तो सांगत होता. त्या गल्लीत येणार म्हटल्यावर काल सगळे कानिफनाथकाकांच्या ओट्यावर जमले. काय मागायचं ते एकमतानं ठरवायला. ती म्हणाली, झाकण.

"सूनबाई, नगराध्यक्षाकडं झाकण मागायचं म्हणजे कलेक्टरकडं काडेपेटी मागण्यासारखं झालं," काका म्हणाले. सगळे हसले. "कमान मागू. कॉलनीच्या तोंडाशी कमान, वर नाव. माणसाला कळलं पाहिजे आपण कुठं राहतो."

कमान! पडलेल्या माणसाला शोधत येणाऱ्यांना पत्ता सापडावा म्हणून?... हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती भाड्यानं राहणारी, नवी, त्यात — जाऊ दे.

आज सकाळी काकांनीच फांदी उपसली. पाहुणी बाई येणार, तिला काय गटार दाखवायचं? सावली नेमकी तिथंच पडते म्हणून भोकावर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, सतरंजीवर खुर्च्या. औक्षणाचं ताट हातोहात फिरलं, ते तिच्यापर्यंत आलं नाही. तिलाही नको होतं. ताई मधल्या खुर्चीत बसल्या. बोलायला मात्र त्यांचे यजमान उभे राहिले, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात ते.

"बोला मंडळी, मोकळं बोला. तुम्हाला नगराध्यक्ष कसा पाहिजे?"

"कसा न्हाई भाऊ, कशी!" मागून कुणीतरी ओरडलं. भाऊसुद्धा हसले.

त्या हसण्यातच मी उभी राहिले. कडेवर सम्राट, आवाज चढाच लागला. "आम्हाला चेंबरचं झाकण पाहिजे."

"एवढंच? कुठाय चेंबर, दाखवा. आत्ता माणूस लावतो."

"ताईंच्या खुर्चीखाली आहे."

काय हसली गल्ली! काका तर पोट धरून. "बसा सूनबाई, पोरगं रडतंय तुमचं." पण ताई हसल्या नाहीत. त्यांनी खाली पाहिलं, सतरंजीवरचे पाय हळूच जवळ ओढून घेतले, मग माझ्याकडं पाहिलं... त्या काहीतरी बोलणार होत्या, मी शपथेवर सांगते, त्यांचे ओठ हलले — तेवढ्यात भाऊ म्हणाले, "लिहून घ्या रे, झाकण एक!" आणि लगेच कमानीचा नारळ फुटला.

दुपारी सगळे ताईंच्या प्रचारसभेला गेले. ती सम्राटच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती; खिडकीतून दिसलं, मांडववाले फळ्या टेम्पोत भरतायत. शेवटची फळी. आता लावतील फांदी. मग सम्राटचे डोळे फिरल्यासारखे झाले आणि ती रिक्षासाठी धावली. निघताना रिक्षावाल्यानं भोक चुकवत हँडल वळवलं. "ताई, ह्ये उघडंच हाय का?" "चला हो तुम्ही," ती म्हणाली. "पोराला ताप आहे."

...चला हो तुम्ही.

कंपाउंडरनं फोन पुढं सरकवला. गल्लीत फोन काकांकडेच. वाजत राहिला. तिला त्या रिकाम्या घरातलं टेबल दिसलं, फोनखालचा विणलेला रुमाल दिसला... "उचलीत न्हाईत?" कंपाउंडर म्हणाला. "आज कोन घरात असनार, बाई?"

ती परत येऊन बसली. भिंतीवरचा पिवळा उजेड गेला होता. सम्राटचा श्वास तिच्या मनगटाला भाजत होता. याला घेऊन जाता येत नाही, ठेवून जाता येत नाही; कल्याण पाळीवर. सकाळपासूनचा तो संताप — काकांवर, भाऊंवर, त्या कमानीवर — कुठंतरी विरत चालला होता, आणि त्याच्या जागी राहत होता तो ताईंचा न फुटलेला शब्द. नगराध्यक्ष कसा पाहिजे? झाकण देणारा नकोच. खुर्चीवरून उठेल, सतरंजी उचलून खाली बघेल, एवढंच करणारं माणूस. सतरंजी तर मीही उचलली नाही. समोर होते, हात लांबवला असता तर...

अहो, झाला का तुमचा नंबर? तुम्ही आमच्या सावेडीकडं जाताय का? कुणी जात असेल तर — पाण्याच्या टाकीवरून डावीकडं, दुसरी गल्ली. कमान नाही तिथं अजून. भागूबाई घरी पोचली का, एवढं बघाल? आणि ती अजून वाटेत असेल तर चेंबरपाशी काहीतरी लाल धरून उभे राहा. काहीही चालेल, रुमाल, पिशवी... पण लालच. दुसरं तिला दिसत नाही.