खांबाशेजारचे कूलर

मे महिन्यात, भर दुपारी, उघड्या मैदानावर समारंभ ठेवायचा आणि तोही हवामानाचा अंदाज शिकवणाऱ्या विभागाने, हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. सीनातीर अभिमत विद्यापीठ आणि युरोपातलं एक मोठं विद्यापीठ यांच्यात सहकार्य करार होणार होता. आमचे विभागप्रमुख डॉ. सिद्रामप्पा हत्तुरे यांचा हट्ट असा की कुलगुरूंच्या फोटोत मागे आपला हवामानाचा खांब दिसलाच पाहिजे. खांब मैदानात, म्हणून समारंभ मैदानात. पारा चव्वेचाळीसवर होता.

करार डेटा अ‍ॅसिमिलेशनच्या संशोधनाचा आणि प्रशिक्षणाचा होता. मराठीत त्याला काय म्हणायचं यावर विभागाच्या दोन बैठका झाल्या आणि शेवटी पत्रिकेवर इंग्रजी शब्दच छापला गेला. प्रकार मात्र साधा आहे. संगणक कालच्या हिशेबावरून आजच्या हवेचा एक कच्चा अंदाज बांधतो. खांबावरची यंत्रं सांगतात, प्रत्यक्षात हवा अशी आहे. दोघांचं पटत नाही. मग कुणाचं किती ऐकायचं ते ठरवून दोघांची समजूत घालायची आणि त्यावरून उद्याचं भाकीत करायचं.

त्यात माझं, म्हणजे झीनत तांबोळीचं, पीएचडीचं काम चाळणीचं. एखाद्या केंद्राचा आकडा अगदीच अचाट आला तर माझी चाळणी तो बाजूला काढते. नुकतंच श्रीखंड खाऊन उठलेल्या माणसाला कुणी चहात साखर बरोबर आहे का असं विचारत नाही. तसंच हे.

करारात परदेशी प्रशिक्षणाची एकच जागा होती. दोन वर्षं तिकडे राहायचं, त्यांच्या महासंगणकावर काम करायचं. मला ती जागा हवी होती. उगाच लाजून सांगत नाही, हवीच होती. इथल्या संगणकावर माझं मोठं काम लावलं की तो रात्रभर कण्हायचा आणि पहाटे वीज गेली की सगळं पाण्यात. निवड तिकडच्या प्राध्यापक मारिया करणार होत्या, पण हत्तुरे सरांच्या शिफारशीशिवाय नाव पुढे सरकत नव्हतं.

समारंभाच्या तासभर आधी मी मैदानात गेले आणि जागीच थांबले. हवामानाच्या खांबाला अगदी चिकटून तीन भलेमोठे कूलर उभे होते. वाळ्याच्या ताट्या, पाण्याचे पाइप, सगळा थाट. गार वारा आधी माझ्या थर्मामीटरवर आदळत होता आणि मग स्टेजवर जात होता. मंडपवाले इसूफचाचा बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होते.

"चाचा, हे इथं का ठेवलं?"

"सर बोले खंबे कू चिपका के रखो, रख दिया बेटी. मेरेकू क्या मालूम उसमें थर्मामीटर है करके."

चाचांना काय बोलणार? मी तडक प्रयोगशाळेत गेले. आमचा कंत्राटी ऑपरेटर सतीश मोठ्या पडद्यावर प्रात्यक्षिकाची तालीम करत होता. कुलगुरूंसमोर दाखवायची ही छोटी आवृत्ती होती. अर्ध्या तासात भाकीत द्यायची, आणि आमच्याकडे भाषणं लांबत असल्यामुळे वेळेचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर आमचं केंद्र दिसलं. तापमान सत्तावीस, आर्द्रता चौऱ्याण्णव टक्के. शेजारी लाल अक्षरात माझ्या चाळणीचा शेरा होता: "नाकारले". खाली भाकीत होतं: उद्या कोरडे, उष्ण.

नेमके त्याच वेळी हत्तुरे सर आत आले.

"हे काय? आपलं केंद्र, आपल्याच कुलगुरूंच्या समोर, नाकारलं? कुणी लिवलंय हे?"

"सर, कूलरमुळं आकडा चुकीचा येतोय. कूलर हलवले की आपोआप नीट होईल."

"कूलर हलवला तर कुलगुरू हलतील. ती चाळणी बंद कर. आपल्या खांबावर शंभर टक्के विश्वास ठेवायचा, काय?"

"सर, मी नाही बंद करणार."

सरांनी माझ्याकडे बघितलं. रिक्षावाल्याने ऐनवेळी जास्त भाडं मागितलं की माणूस बघतो, तसं. "तुला फॉरेनला जायचंय ना?" ते म्हणाले. "विचार कर की जरा." मी विचार केला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. मग सर सतीशकडे वळले. सतीशचं कंत्राट दर सहा महिन्यांनी सरांच्या सहीने वाढतं. त्याने माझी नजर चुकवून एक बटन दाबलं आणि लाल अक्षरं गेली.

समारंभ दणक्यात झाला. चव्वेचाळीस अंशांत मारिया मॅडमना सोलापुरी चादर पांघरली, आणि त्या बिचाऱ्या सगळ्यांचे फोटो होईपर्यंत ती काढू शकल्या नाहीत. कुलगुरू "हवामान आणि मानवी मूल्ये" या विषयावर बोलले. तोवर संगणकाने कूलरच्या वाऱ्याला साऱ्या जिल्ह्याची हवा समजून घेतलं. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत हवा पाण्याने भरली आहे अशी त्याची पक्की खात्री झाली आणि स्टेजवरच्या पडद्यावर भाकीत आलं: उद्या संध्याकाळी वादळी पाऊस, गारा. कुलगुरूंनी तिथल्या तिथे माईकवर ते पत्रकारांना देऊन टाकलं. मारिया मॅडम आधी नकाशाकडे आणि मग कूलरकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. सरांनी मला बोलावून घेतलं. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये दोष हाय. तसं लिहून दे." मी म्हटलं, दोष बंद केलेल्या चाळणीत नाही, चालू असलेल्या कूलरमध्ये आहे. त्यांनी मला बाहेर काढलं. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उलट मनातून बरंच वाटलं. संध्याकाळी सगळं उघडं पडेल, असं धरून चालले होते.

आणि साडेपाचला अक्कलकोटकडून काळंकुट्ट आभाळ आलं. वळीवच तो, या दिवसांत कधीही येतो. लिंबाएवढ्या गारा पडल्या. मैदानातला मंडप इसूफचाचांच्या डोळ्यांदेखत झोपला. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी होते आणि मला रडू कोसळलं. चुकीच्या कामाचं उत्तर बरोबर आलं होतं आणि बरोबर कामाचं चुकलं होतं. शास्त्रात असं होतं, एका दिवसावरून काही ठरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण शेजारच्या वर्गात पेढे वाटायला सुरुवात झाली होती.

सकाळी सगळ्या पेपरांत सरांचा फोटो, मागे खांब. दुपारी माझी मुलाखत. दाराबाहेर सरांनी माझ्या खांद्याजवळ येऊन हळू आवाजात सांगितलं, "झालं गेलं सोडून दे, बाई. मॅडमनी विचारलं की एवढंच सांग, आपल्या खांबामुळं भाकीत खरं ठरलं. सही तयार हाय. तू बी खूश, मी बी खूश."

सरही आत येऊन बसले, आणि मारिया मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. भाकीत बरोबर का आलं?

मला अब्बांचा टेम्पो आठवला नाही, अम्मीची दुवा आठवली नाही. असल्या वेळी माणसाला असलं काही आठवतं हे खोटं आहे. मला फक्त तो महासंगणक दिसत होता. आणि तरी मी सांगितलं. "योगायोगानं आलं. आमच्या केंद्राशेजारी कूलर होते. तो आकडा हवेचा नव्हता, कूलरचा होता. चाळणी असती तर आकडा गळला असता, आणि भाकीत कोरडं आलं असतं. तेही चुकलंच असतं. पण ते कशामुळं चुकलं, हे आपल्याला शोधता आलं असतं."

मग हत्तुरे सर खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आता ओरडतील. पण सर हसत होते.

"मॅडम, ही मुलगी फार प्रामाणिक. आमची पद्धतच सांगून टाकली तिनं. केंद्राभोवतीची हवा आधी आपण तयार करून घ्यायची, मग संगणकाला द्यायची. स्थानिक आर्द्रता संवर्धन. मी नाव दिलंय."

मारिया मॅडम हसतील म्हणून मी वाट पाहिली. त्या हसल्या नाहीत. "इंटरेस्टिंग," म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. "तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय," त्या म्हणाल्या. "पण कालच आमच्याकडे बातमी लागली. फोटोसकट. कराराचं पहिलं यश म्हणून. ती आता मी मागे कशी घेऊ?"

"म्हणजे तुमच्याकडे चाळणी नाही."

त्या लाल झाल्या. उन्हाने असेल. पंधरा दिवसांनी निकाल आला. ती जागा "पद्धतीचे जनक" म्हणून खुद्द हत्तुरे सरांना मिळाली, वयाची अट शिथिल करून. निरोप समारंभात त्यांना चादर दिली, आणि ती मात्र त्यांना खरंच लागणार होती. जाण्याआधी माझ्यावर मेहरबानी म्हणून त्यांनी करारातला दुसरा भाग माझ्या गळ्यात घातला: जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण.

वर्ग भरला तेव्हा बार्शीहून, नातेपुत्याहून, उजनीकाठच्या गावांतून माणसं आली होती. उन्हातान्हात एसट्या बदलून, वह्या घेऊन. त्यांना पाहून माझा राग जरा निवळला. म्हटलं, यांना तरी नीट शिकवू. मी पहिला सबंध दिवस चाळणीवर बोलले. संध्याकाळी शंका विचारा म्हटलं.

नातेपुत्याच्या एक मॅडम उठल्या. "मॅडम, आमच्याकडं दुपारची लाइट नसती. हत्तुरे सरांच्या कूलरऐवजी खांबाला ओलं गोणपाट गुंडाळलं तर चालंल का?"

मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. आवाज शक्य तेवढा शांत ठेवला. "गोणपाट नाही. कूलर नाही. खांबाजवळ काहीही लावायचं नाही. कधीच नाही. हवा आहे तशीच मोजायची."

सगळ्यांनी माना खाली घालून शब्द न् शब्द लिहून घेतला. मला भरून आलं.

मग बार्शीच्या सरांनी हात वर केला. "मॅडम, हे पाऊस नको असंल तेव्हाचं झालं. पायजे असंल तेव्हाचं कधी घेणार?"