मधलं बोलणं

गाडी शिकवणं हा माझा धंदा आहे. चालवणारा दुसराच असतो, मी शेजारी बसून माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवते. त्यामुळे समोर काहीतरी चाललंय आणि पायाखाली ब्रेक नाही, असं झालं की माझं डोकं फिरतं. त्या दुपारी धाकट्या भावाच्या खोलीत नेमकं तेच झालं होतं.

आईला संध्याकाळी हॉस्पिटलात दाखल करायचं होतं. घशातली गाठ वाढली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचं स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर आई जेवणार होती, हिंडणार-फिरणार होती, फक्त बोलणार नव्हती. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आधीच सुचवलं होतं, की रोज लागणारी वाक्यं तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, पुढे छोट्याशा यंत्रावर बटण दाबलं की तिचाच आवाज बोलेल. म्हणून धाकटा बरेच दिवस तिला माईकसमोर बसवत होता. सगळं रेकॉर्डिंग त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं, आणि त्या कॉम्प्युटरची डिस्क सकाळपासून मरायला टेकल्यासारखी टकटक करायला लागली होती.

"दुसरीकडे कॉपी का नाही करून ठेवलंस?"

"करणारच होतो."

धाकट्याला आम्ही गोगलगाय म्हणतो ते उगाच नाही. लोकांची भाषणं, व्याख्यानं साफसूफ करून देणं हे त्याचं काम. खोकला काप, अडखळणं काप, जास्तीचा श्वास काप. काम एकदम सुबक, पण गती अशी की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

पेनड्राइव्ह लावला की त्याचं मशीन मान टाकत होतं. रस्ता खोदून ठेवल्यामुळे इंटरनेट बंद होतं. शेवटी त्याने कपाटातून एक निळी वायर शोधून काढली. एक टोक त्याच्या कॉम्प्युटरला, दुसरं माझ्या लॅपटॉपला.

"बस्स. सरळ ह्यातून त्यात. दोघांना वेगवेगळा नंबर दिला की एकमेकांना ओळखतात."

मी माझ्या लॅपटॉपला 'एक' हा नंबर दिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ओळख काही पटेना. मी वायर काढून लावली, दोन्ही मशीनना यथेच्छ शिव्या घातल्या. मग कळलं, त्यानेही स्वतःच्या कॉम्प्युटरला 'एक'च दिलाय.

"तू दोन हो," तो म्हणाला.

"मी मोठी आहे."

"ताई, कॉम्प्युटरला वय नसतं गं!"

झाले बाई दोन. लगेच पडद्यावर त्याच्या मशीनची फोल्डरं उमटली. एकाला नाव होतं 'वाक्यं', दुसऱ्याला 'मधलं बोलणं'.

"हे दुसरं काय?"

"वाक्यांच्या मध्ये आई जे बोलते ना, ते. कापून काढलेलं. घ्यायचंय का तेही?"

डिस्क टकटकत होती. "कचरा कशाला? वाक्यं घे आधी!" मी खेकसले.

हिरवी पट्टी सरकायला लागली आणि थांबली. वायरच्या टोकाची खटकी तुटलेली होती, जरा धक्का लागला की टोक बाहेर यायचं. चिकटपट्टी लावून पाहिली, रबरबँड लावून पाहिलं, अंगठ्याने दाबून धरलं. धरलं की चालायचं. पण मला एका जागी बसवेना. मी खिडकीपाशी जायची, घड्याळ बघायची, परत यायची, आणि तेवढ्यात पट्टी थांबलेली असायची. धाकट्याला तिकडचा माऊस सोडता येत नव्हता.

आई तिची बॅग भरून दाराशी येऊन उभी होती. "सरक. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाचं काम नाही ते." स्टूल ओढून ती बसली आणि तिने अंगठा त्या टोकावर ठेवला. पट्टी चालू झाली.

आई जन्मभर बसस्टँडवर घोषणा करत होती. कुठली बस कुठल्या फलाटाला लागेल, कुठलीला उशीर आहे, कोणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडतंय. तिचा आवाज ऐकून लोक सामान उचलायचे. आता तो घोगरा झाला होता, पण दरारा तोच होता. अंगठा दाबून बसल्या बसल्या तिने मला धारेवर धरलं. "पाय खाली घे. टेबल आहे ते. आणि तो चहाचा कप तिथेच ठेवून जाशील, उद्या मुंग्या लागल्या की मला... बरं, मी नसणार. पण मुंग्या तर येतीलच ना?"

"आई, हलू नकोस गं."

"अंगठा धरलाय, तोंड नाही धरलेलं."

तेवढ्यात 'वाक्यं' आली. सगळी. मला इतकं हायसं वाटलं, की खात्री करायला मी एक फाइल लावली. "मला पाणी हवे आहे. धन्यवाद." दुसरी लावली. "कृपया खिडकी बंद करावी." आवाज आईचाच होता, स्वच्छ, एकसारखा. पण अशी बाई आमच्या घरात कधी राहिलीच नव्हती. ही बसस्टँडवरची. आम्हा दोघांना आई आजवर एकदाही धन्यवाद म्हणालेली नव्हती, आणि खिडकीसाठी कृपया तर तिने देवालाही म्हटलं नसतं.

घरातली आई त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होती, आणि तिला मी कचरा म्हटलं होतं.

"ते मधलं घे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

ह्या वेळी गोगलगाईने चपळाई केली. पट्टी निघाली. आईने न सांगता अंगठा आणखी घट्ट दाबला, नख पांढरं पडलं. मी बसले, पहिल्यांदाच एका जागी. डिस्कने टक केलं, परत टक केलं, मग एक लांब घरघर आली आणि धाकट्याचा पडदा काळा झाला. त्याने मशीन पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

माझ्याकडे त्यातली एकच फाइल पोचली होती. लावली. "अरे हो रे, बोलते, जरा श्वास तरी घेऊ दे की मेल्या," आणि मग आई हसते तशी हसली. तेवढंच. धाकट्याने तोंड फिरवलं. मला स्वतःचा असा संताप आला की रडूही येईना.

आईच म्हणाली, "सुतकी चेहरे काय करताय? मी इथेच बसलेय ना? घसा अजून माझाच आहे."

धाकट्याने माईक उपटून माझ्या लॅपटॉपला लावला. "बोल आई. काहीही बोल. रागाव आम्हाला."

माईक दिसताच आईने पाठ ताठ केली, घसा साफ केला. "माझ्या दोन्ही मुलांना मी सूचित करू इच्छिते की..."

"तसं नको!" मी ओरडले.

"मग कसं? काही कारण नसताना कशी रागावू? वेड लागलंय का मला?"

निघायची वेळ होत आली होती. मी उठले, न्हाणीघरात गेले, टॉवेल चिंब भिजवला आणि तिने नुकत्याच झटकून ठेवलेल्या पलंगावर, धुतलेल्या चादरीच्या मधोमध टाकला.

"अगं ए कार्टे!" आईचा आवाज असा फुटला की लॅपटॉपच्या पडद्यावरचा आवाजाचा काटा टोकाला जाऊन आदळला. "एवढी घोडी झालीस तरी अक्कल कुठे शेण खायला जाते तुझी? ओला टॉवेल? पलंगावर?" धाकटा एका हाताने लॅपटॉप सांभाळत तिच्या मागे धावत होता. मग त्यालाही सुचलं. त्याने फ्रिज उघडून बाटली तोंडाला लावली आणि दार सताड उघडं ठेवलं. मी चपला घालून स्वयंपाकघरात शिरले, आल्यावर पाय टेबलावर टाकले. आई एकेकाचा समाचार घेत घरभर फिरत होती. दमली की थांबायची, धापा टाकायची, परत सुरू. धाकट्याने एकही धाप कापली नाही.

शेवटी ती दारात थांबली. तिला केव्हाच सगळं कळलेलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "पुरे का एवढं," ती म्हणाली, "की अजून काही सांडायचंय?" मग आम्ही निघालो.

ऑपरेशन नीट झालं. आई बरेच दिवस नळ्यांमध्ये गुंतून पडली होती. नळ्या निघाल्यावर धाकट्याने ते छोटं यंत्र तिच्या हातात दिलं. वरच्या ओळीत पाणी, खिडकी, धन्यवाद. खालच्या ओळीत काय भरलंय ते त्याने मला सांगितलं नाही.

मी तिच्या पलंगाशेजारी बसले होते. तिच्या गळ्यातल्या भोकाकडे बघवत नव्हतं, म्हणून दुसरीकडे बघत पाय हलवत होते, आणि केव्हातरी ते तिच्या पलंगाच्या कडेवर टेकवले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं, बोट वरच्या ओळीवरून खाली आणलं आणि दाबलं.

"पाय खाली घे."

मी पाय खाली घेतले.