मागचा खुंटा

"नव्वद टक्के म्हणालता डॉक्टर. उरलेल्या धा टक्क्यांत आमीच घावलो व्हय?"

जोतीराम हळूच कुरकुरत होता. पण व्यालेली गाय हलू नये म्हणून प्रयागबाई तिच्या पोटाला खांदा लावून उभ्या होत्या आणि जोतीराम, त्यांचा मुलगा, पलीकडच्या अंगाला सलाइनची बाटली उंच धरून, त्यामुळे शब्द न् शब्द त्यांच्या कानात शिरत होता. गाय गाभण राहताना कालवडच होईल असं नवं इंजेक्शन जनावरांच्या या डॉक्टर रामहरींनीच तिला दिलं होतं. झाला खोंड.

"नव्वद म्हंजे शंभर न्हाय," डॉक्टर सुई सारखी करत म्हणाले. "आत बसून मी निवडत न्हाय, जोतीराम."

तीन दिवसांचा खोंड कोपऱ्यात पाय फाकवून उभा होता. आपल्याबद्दल चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आई, चीक संपला. आज मागं बांध त्याला."

"मी न्हाय बांधायची," प्रयागबाई म्हणाल्या, आणि तिथून त्या दिवसाची कटकट सुरू झाली.

मागं बांधायचं म्हणजे गोठ्याच्या पाठीमागे, शेवरीच्या झाडाखालच्या खुंट्याला. तिथं दूध पाजणं थांबायचं. पाच-सात दिवसांनी कुणीतरी चहा पिता पिता म्हणायचं, "गेलं." दुसरा शब्द त्यासाठी या घरात नव्हता. दारात संकरित गाई आल्या त्याला चौदा वर्षं झाली, आणि चौदा वर्षं हे काम प्रयागबाईंचं होतं. कुणी नेमून दिलं नव्हतं. घरात जे काम कुणालाच नको असतं ते एखाद्या बाईच्या अंगाला आपसूक चिकटतं, तसं हे चिकटलं होतं.

बरं, या खोंडात विशेष काही असतं तरी एक गोष्ट होती. कपाळावर चांद नव्हता. त्यानं प्रयागबाईंकडे काकुळतीनं पाहिलं वगैरेही नव्हतं. सकाळी त्यांच्या पायावर मुतला, एवढीच काय ती ओळख.

जोतीरामनं बाटली डॉक्टरांच्या हातात दिली आणि बोटांवर हिशेब मांडायला घेतला. "दिवसाला चार लिटर, तीन महिनं. बरं, पाजलं, वाढवलं. पुढं? औताला ट्रॅक्टर हाय. इकायचं म्हणलं तर घ्यायला कोण न्हाय. गोशाळेला काल फोन लावला, जागा न्हाय म्हणाले. मोकळा सोडला तर कुणाच्या तरी मोटरसायकलपुढं येणार. आता तू सांग, माझं कुठं चुकतंय?"

"कुठंच न्हाय."

"मग?"

"पटतंय मला. पण हात होत न्हाय."

"हात होत न्हाय, हे काय कारण हाय?"

"न्हाय," प्रयागबाईंनी कबूल केलं. खरंच नव्हतं. त्यांनी सकाळपासून कारण शोधलं होतं. देवाधर्माचं काढावं तर चौदा वर्षं देव काय झोपला होता का? जीव आहे म्हणावं तर आधीच्यांनाही जीवच होता. मुलाला सुचला नसता असा एकेक सवाल त्या स्वतःलाच घालत होत्या आणि हरत होत्या.

"आजवर झाला की हात," जोतीराम म्हणाला.

"झाला."

"मग आताच काय झालं? ऑपरेशन झाल्यापासनं तुला जरा जास्तच दिसाय लागलंय. बारामतीच्या डॉक्टरनं डोळ्यात भिंग कुठलं बसवलं, इचारून ये."

रामहरी हसले. मग प्रयागबाईंचा चेहरा बघून थांबले. "मावशी, लई विचार करू नका."

"त्यो म्हणतो कर, तुमी म्हणता करू नका. दोघं मिळून काय ते एक ठरवा."

डॉक्टरांनी सुई काढली, पिशवी उचलली. या घरचा चहा त्यांनी कधी चुकवला नव्हता. आज कळंबातून दोनदा फोन आला म्हणाले आणि गाडीला किक मारली. फोन वाजलेला कुणीच ऐकला नव्हता.

दुपारी अनिता भाकऱ्या थापत होती. सून बी.कॉम. झालेली. गोठ्याचा सगळा हिशेब तिच्या मोबाइलमध्ये.

"आत्या, मलाबी वाईट वाटतं. पण वाटण्यावर गोठा चालत न्हाय."

"व्हय बाई."

"एक ठेवला तर पुढचा का न्हाय? त्याला काय उत्तर देणार?"

"तेबी खरं हाय."

अनितानं भाकरी तव्यावर आपटली. "आवो, काहीतरी उलटं बोला तरी. सगळ्याला व्हय म्हणताय आणि करायचं तेच करताय."

प्रयागबाईंना स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी धारा झाल्यावर त्यांनी एका बादलीत थोडं दूध वेगळं काढलं. जोतीराम आला. रागानं नाही, अगदी हळू त्यानं बादली त्यांच्या हातातून घेतली आणि कॅनमध्ये ओतली. मग खोंडाचं दावं सोडलं. या कामाला त्यानं कधी हात लावला नव्हता. खोंड त्याच्या मांडीला ढुसण्या देत चालला होता.

प्रयागबाई मागून गेल्या. अनिताही ओले हात पुसत आली.

जोतीरामनं खुंट्याला गाठ मारली. ती सुटली, पुन्हा मारली. मग आत जाऊन घमेलंभर मुरघास, गाईंचा मुरवलेला चारा, आणला, बादलीत पाणी आणलं आणि दोन्ही खोंडापुढं मांडलं.

"घ्या. चारा हाय, पाणी हाय, सावली हाय. आपण त्याला काय केलं? काय न्हाय केलं. जगला तर जगला. न्हायतर आपलं आपण जाईल."

खोंडानं घमेल्याला तोंड लावलं, शिंकला. मग मान वर करून जोतीरामचं बोट तोंडात घेतलं आणि चोखू लागला. जोतीराम बोट काढून घेईल असं वाटलं. त्यानं काढलं नाही. तो उसाकडे बघत राहिला, जसं काही तिकडून कुणी हाक मारली होती.

"आत्या, चला आत," अनिता म्हणाली. "डास हायती."

प्रयागबाई खाली बसल्या. घमेल्यातला मुरघास त्यांनी मुठीत घेतला, पुन्हा आत टाकला.

"जोतीराम, हे घमेलं आजवर मी भरून ठिवत आले. तीन दिसाच्या वासराला चारा खाता येत न्हाय, हे मला तवाबी ठावं होतं. ती गेली न्हाईत, बाबा. आपण उपाशी मारली."