काचेवरचे अकरा बेचाळीस

मी एक गाडी आहे, आणि गेली सहा वर्षं मी उभी आहे. गाडीने याहून मोठी तक्रार ती काय करावी?

माझ्यासमोर दोरी बांधलेली असते. दोरीपलीकडे माणसं असतात, हातात लिंबू सरबताचे पेले आणि आवाज चर्चमध्ये आल्यासारखा खाली आणलेला. सगळे आधी माझ्या पुढच्या काचेकडे पाहतात. तिथे परवापरवापर्यंत पांढऱ्या बूटपॉलिशने ११.४२ असं लिहिलेलं होतं. ‘व्हर्लिन स्टकीचा शेवटचा आकडा,’ कुणीतरी हळूच सांगायचं. मग फोटो निघायचे. काहींच्या तर टी-शर्टवरही तोच आकडा छापलेला असायचा.

तो आकडा चुकीचा होता. हे फक्त मला माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

माझा जन्म १९६६ सालचा, सेंट लुइसच्या कारखान्यातला. जात कॉर्व्हेट, अंग फायबरचं, रंग गडद निळा. पहिला मालक डेटनचा एक दाताचा डॉक्टर. रविवारी तो मला चर्चला न्यायचा, बुधवारी गोल्फला. बाकीचे दिवस मी कापडाखाली. बारा वर्षांत माझ्या इंजिनाला एकदाही मनासारखा श्वास घेता आला नाही. मग एकदा त्याच्या मेव्हण्याने मला हायवेवर पळवलं, भलताच गियर टाकला आणि इंजिन फोडून ठेवलं. डॉक्टरने नाक मुरडलं आणि पेपरात जाहिरात दिली.

व्हर्लिनने मला ट्रॅक्टरमागे बांधून घरी आणलं. ओहायोतल्या एका लहानशा गावात तो शेतकऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. उंच माणूस, बोलायला कंजूष. त्याची बायको नेड्रा दारातच उभी होती.

“चालत नाही वाटतं.”

“आज नाही.”

“आणि दोनच सीटा. पोरं झाली तर डिकीत कोंबायची?”

“हिला डिकीचं झाकणच नाही,” व्हर्लिन म्हणाला.

पोरं झाली नाहीत. मी झाले.

त्याने मला नवं इंजिन बसवलं, तेही मूळच्यापेक्षा दांडगं. मागे रुंद, गुळगुळीत टायर हवे होते; ते मडगार्डाखाली मावेनात. तेव्हा नेड्राने कपडे धुवायचा टब माझ्या अंगाला टेकवला, शिवणकामाच्या खडूने त्याच्या कडेने अर्धगोल रेघ ओढली आणि व्हर्लिनने त्या रेघेवरून करवत चालवली. डावी बाजू जरा वाकडी गेली. गावातले लोक म्हणाले, चांगल्या गाडीचा नाश केला. आज तेच लोक गुडघ्यावर बसून त्या वाकड्या कापाचे फोटो घेतात. कौतुक कशाचं करायचं हे माणसांना नेहमी फार उशिरा कळतं.

आता आकड्याचं सांगते. आमच्याकडे रविवारी दोन-दोन गाड्या पाव मैल सरळ धावतात. एक जलद असते, एक संथ. म्हणून शर्यतीआधी प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंद घेईल ते काचेवर लिहायचं. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. जो आधी पोचेल तो जिंकला. पण स्वतःच्या लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर बाद. थोडक्यात, गाडी नुसती जोरात असून भागत नाही, ती पुरती ओळखावी लागते.

व्हर्लिन मला ओळखत होता. हवा गार झाली की माझं इंजिन तरतरीत होतं, उन्हात मरगळतं. म्हणून आकडा दिवसभरात चार-पाचदा बदलायचा. नेड्रा कुंपणाशी वही घेऊन बसायची आणि हवा किती फॅरनहाइट, वेळ किती, सगळं लिहायची. आकडा पुसायचं फडकं अवजारांच्या पेटीच्या कडीला बांधलेलं असायचं. ते व्हर्लिन एकाच कामासाठी सोडायचा. त्याने फडकं हातात घेतलं की नेड्रा वहीचं पान उलटायची. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांचं असं चाललं. त्यात बोलणं फार नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आम्ही अंतिम फेरीत पोचलो. दुपारी काचेवर ११.४२ होतं आणि आम्ही बरोबर तेवढ्यात धावलो होतो. मग ऊन उतरलं. नेड्रा भाजलेली कणसं आणायला रांगेत उभी होती. व्हर्लिनचा मित्र डेलबर्ट कुठेतरी गप्पा छाटत होता. व्हर्लिनने फडकं सोडलं, माझं दार उघडलं, एक पाय आत ठेवून काचेकडे हात लांबवला आणि म्हणाला, “गारवा आलाय, बये. अकरा अडतीस.”

मग त्याने हात छातीवर नेला. फडकं पडलं आणि सीटखाली गेलं. तो पेटीवर बसला. नेड्रा कणसं घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

त्यानंतर काच कुणी पुसली नाही. पुसायची कशी? डेलबर्ट आमच्या शर्यतींच्या क्लबचा अध्यक्ष. तो मित्रासाठी मनापासून रडला आणि मनापासूनच त्याने ती दोरी आणली. माझी बॅटरी काढली, पेट्रोल काढलं. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. माझ्यात कुणी बसायचं नाही, असा नियम झाला. सीटखाली कुणी पाहिलं नाही, कारण आत कुणी बसलंच नाही.

माझी चिडचिड तुम्हाला समजते का? ज्या आकड्याने आम्ही ती फेरी हरलो असतो, त्याच्यापुढे माणसं टोपी काढायची. आपली गाडी व्हर्लिनला किती नेमकी कळायची, याचं कौतुक करत ती त्याची एकमेव चूक जपायची. आणि ती चूकसुद्धा त्याची नव्हे. तो ती पुसायला आला होता.

यंदा बूटपॉलिशचे पोपडे निघू लागले. क्लबच्या प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी डेलबर्ट पारदर्शक लाखेचा डबा घेऊन आला.

“नेड्रा, तू आतून काच पुसून घे. मग बाहेरून मी दोन हात मारतो. शंभर वर्षं बघायला नको.”

“शंभर वर्षांनी बघायला कोण आहे?” नेड्रा म्हणाली, पण आत बसली. सीट व्हर्लिनच्या पायांच्या मापाने मागे होती. तिचा हात काचेपर्यंत पोचेना. तिने सीटचा खटका धरला आणि तशीच थांबली.

“राहू दे,” डेलबर्ट म्हणाला. “मी बघतो.”

“तू गप रे.”

तिने खटका ओढला. सीट बोटभर सरकली आणि अडली. नेड्राने खाली हात घातला, चाचपलं, आणि काठीसारखं कडक झालेलं फडकं बाहेर काढलं.

“हे पेटीच्या कडीला असायचं.”

“पडलं असेल.”

“गाठ सोडून?” ती म्हणाली. “डेलबर्ट, तो आकडा बदलायला आला होता.”

डेलबर्ट बादली पालथी घालून तिच्यावर बसला. “अगं, दोनशे टी-शर्ट छापलेत आपण.”

“गाडी पुसायला होतील.”

“किती लिहिणार होता तो?”

“दुपारी हवा ब्याऐंशी अंश होती. कणसांच्या रांगेत मी सदुसष्ट लिहून ठेवली.” नेड्राने डोळे मिटले. “अकरा अडतीस.”

सहा वर्षांत माझ्यासमोर कुणीतरी पहिल्यांदा बरोबर बोललं.

ती उतरली. बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवलं आणि आधी दोन पुसला, मग चार. तिथे तिचा हात थांबला.

“अकरा नाही पुसत?” डेलबर्टने विचारलं.

“अकरा राहू दे. बारा सेकंद घेण्याइतकी काही म्हातारी झालेली नाही ही. पुढचं त्या दिवसाची हवा बघून लिहू. बॅटरी कुठे ठेवलीस?”

याला आता तीन आठवडे झाले. बॅटरी आली, ती मेलेली निघाली. टायर कडकले आहेत, पेट्रोलच्या नळ्या तडकल्या आहेत आणि डेलबर्टचे गुडघे माझ्याखाली शिरायला तयार नाहीत. तो रोज उद्या म्हणतो. लोक मात्र येतातच. काचेवरचे उरलेले अकरा पाहून हळहळतात, आकडा खराब झाला म्हणतात आणि फोटो न काढता जातात.

तुम्हाला माझं कौतुक वाटत असेल, तर दोरी ओलांडून या. पाटीकडे लक्ष देऊ नका. एखादी नळी बदला, मडगार्डाखाली हात काळे करा. फडकं पुन्हा पेटीच्या कडीला बांधलेलं आहे. फक्त सीटला हात लावू नका. ती आता नेड्राच्या पायांच्या मापाने पुढे आहे.