कळसची बाई

ते एकोणीसशे शहाण्णव साल.

"पुन्हा कोरीच का गं?" कॅसेट घेताना नर्स जयवंताबाईंनी विचारलं. सारजा शेळीपुढं पाला टाकत राहिली.

चार गावांतल्या चार बायका. एकमेकींना कधी न पाहिलेल्या, पण चौघींवरही कधीकाळी कुणीतरी बळजबरी केलेली. जयवंताबाई लशीच्या डब्यातून त्यांची एकच कॅसेट गावोगाव फिरवायच्या. आधीच्या बाईचं ऐकायचं, मग आपलं बोलायचं. नाव नाही, नुसतं गाव. सारजा पाच फेऱ्या रेकॉर्डिंगची दोन बटणं दाबून गप्प बसली होती.

पुढच्या फेरीला कॅसेट आली, तेव्हा तीत नरसिंहपूरची बाई म्हणाली, "कळसच्या बाई, तुमी बोलत न्हाय, पर तुमची शेळी लई बोलती बगा! तिलाच इचारावं का?" आणि खळखळून हसली. मग आवाज उतरला. "सावकाश बोला. आमी हाय हितं."

पण आता सावकाशीला वेळ नव्हता. सारजाची लेक छकुली सातवी पास झाली होती. सोमवारी ती वालचंदनगरला, सारजाच्या मामाकडं शिकायला जाणार होती. अकराव्या वर्षी सारजाही त्याच घरी राहिली होती.

"पोरीला तितं न्हाय धाडायची," ती नवऱ्याला, बिरूला म्हणाली.

"तुज्याच माहेरचं माणूस, आन तुलाच नको? देवमाणूस हाय मामा. कारण तरी सांग!"

सारजा भाकरी थापायला चुलीपुढं जाऊन बसली.

सासरा होता तोवर त्याच्यादेखत नवऱ्याशी बोलायचं, तर ती वासराला सांगायची, "वासरा, म्हणावं भाकर झाली." बिरूला बरोबर समजायचं. रविवारी दुपारी तो ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. सारजानं उंबऱ्यात टेप ठेवला, त्याच्याकडं पाठ केली आणि दोन बटणं दाबली.

"बायांनो, मी कळसची. अकरा वर्साची हुती. मामी बाळंतपणाला गेल्याली. मामा म्हणला, पाय चेप..."

ती थांबली. शेळी ओरडली. मग सारजा सगळं बोलली.

"उद्या माजी छकुली त्याच घरात जायाची हाय. मालक चांगला हाय माजा. पर त्याला कसं सांगू गं, बायांनो?"

तंबाखू मळण्याचा आवाज कधीच थांबला होता. बिरू उठला. छकुलीची बांधून ठेवलेली वळकटी त्यानं सोडली आणि मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला.

छकुली कळसलाच शिकली, पुढं इंदापुरात शिक्षिका झाली. आपलं जाणं का मोडलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. मामा मानानं जगला, मानानं गेला. बिरूचं अंथरूण त्या दिवसापासून वाड्यावरच राहिलं. मरेपर्यंत तो सारजाशी भाकरीपुरतंच बोलला. नरसिंहपूरच्या बाईनं त्याच दिवाळीत भीमेत उडी घेतली. निवृत्त होताना जयवंताबाई कॅसेट सारजाच्या हातात देऊन गेल्या. त्या बाईचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सारजा अजून कधीतरी टेप लावते. शेळीवरून ती बाई खळखळून हसते, तेवढं ऐकते. तिचा आवाज उतरायच्या आत बटण दाबून बंद करते.